धोंड्याच्या महिन्यात बसवलेला टर्बो

खोटं कशाला बोलू? लहान बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मी पेढे वाटले, वरातीत नाचलेही, पण नवरदेवाचं आष्टीला गॅरेज आहे हे कळल्यावर माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही. बँकेतला असता, मास्तर असता, तर मी त्याचे लाड केले असते. पण इंजिनवाला? आमच्या घरात? बाबा फोनवर त्याच्याशी डिझेल पंपाबद्दल बोलताना खदखदून हसले, आणि तिकडे माझी तव्यावरची पोळी करपली.

वर्ध्याला लागून बोरगाव मेघेला रस्त्याच्या कडेला आमचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान आहे. एक शटर, आत ठोकाठोकीचा टेबल, बाहेर सिमेंटचा हौद. गाडीचा रेडिएटर हौदात बुडवायचा, नळीनं हवा भरायची, आणि जिथून बुडबुडे येतील तिथे कथील वितळवून झाळ लावायची, हे आमचं काम. दुकान बाबांनी टाकलं, आणि बारावी झाल्यापासून मी त्यांच्यासोबत आहे. भाऊ नाही आम्हाला. माझं लग्न जमलं नाही, आणि एका वयानंतर मीच म्हटलं, जाऊ द्या. पितळेच्या टाकीवर झाळीची रेघ ओढताना माझा हात जेवढा सरळ चालतो तेवढा या रस्त्यावर कोणाचाच चालत नाही. हे मीच सांगते, कारण बाबा कधी सांगणार नाहीत.

बाबांचं कौतुक म्हणजे शिवी नसणे. "हे झाळ लावली का शेणाची गोवरी थापली?" हे त्यांचं रोजचं. काम चांगलं झालं की ते काही बोलत नाहीत, दुसरा रेडिएटर पुढे सरकवतात. तो सरकवण्याचा आवाज ऐकायला मी दिवसभर कान लावून बसायची. एवढ्यावर मी खूश होते. दुसरं काही पाहिलंच नव्हतं.

मग जवाई आला. कानामागून आला आणि तिखट झाला म्हणतात, ते आमच्याकडे अगदी तसंच घडलं. दुकानात आला की बाबा खुर्चीवरून उठायचे. माझ्यासाठी ते आजारपणातही उठले नाहीत. तो एखादा नट फिरवायचा आणि बाबा म्हणायचे, "बढिया. बढिया जवाईबापू." मी तोच नट रोज फिरवते. पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं.

दिवाळीला सगळे जेवायला बसलो होतो. बाबांच्या डोळ्यांना झाळीची रेघ नीट दिसत नव्हती, हे मला वर्षभर माहीत होतं. मी त्यांच्या वाटणीचं बारीक काम आपल्याकडे ओढून घेत होते, त्यांना कळू न देता. त्या दिवशी ते स्वतःच म्हणाले, "माह्या डोयाचं काई खरं नाई आता. दुकानाले घरातला माणूस पायजे." म्हणाले आणि जवायाच्या ताटात श्रीखंड वाढायला सांगितलं.

घरातला माणूस! मग मी कोण होते, हौदातली बेडकी? मी ताटावरून उठले आणि हात धुवायला गेले, तर बहीण मागे आली. "ताई, बरं नाई वाटून राह्यलं का?" मी म्हटलं, श्रीखंड आंबट आहे. श्रीखंड मीच केलं होतं.

त्या दिवसापासून घरात एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि कोणी बोलत नव्हतं. दुकान जवायाकडे जाणार. कधी, कसं, एवढंच राहिलं होतं. मी रोज शटर वर करताना मनात म्हणायची, हे आता पाव्हण्याच्या हातात.

या वर्षी धोंड्याचा महिना ऐन मे महिन्याच्या उन्हात आला. दर तीन वर्षांनी येणारा अधिकाचा महिना तो. आमच्याकडे या महिन्यात जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अनारशाचं वाण द्यायचं, आणि त्याला नारायणाच्या जागी मानायचं. आईनं महिना लागायच्या आधीच मला बजावलं. "हे पाय, धोंड्यात जवायाले वाकडा शब्द नाई. तुही जीभ मले माहीत हाय." मी म्हटलं, "त्यानं चूक केली तं?" आई म्हणाली, "नारायणाले कोणी चूक सांगते का?"

आणि नारायण काय करायला निघाला? बाबांच्या जीपमध्ये टर्बो बसवायला.

ती जीप जुनी, डिझेलची, साध्या इंजिनाची. आंजीपासून आर्वीपर्यंतच्या गावांतून ट्रॅक्टरचे रेडिएटर उचलून आणायला बाबा ती वापरतात. सपाटीवर ठीक, चढावर मात्र धापा टाकते. जवायानं नागपूरच्या भंगारातून एक चांगला टर्बो आणला आणि बाबांना म्हणाला, "धोंड्यात तुमी मले वाण देता, मी तुमाले हे देतो." बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते शपथेवर सांगू शकते, कारण मी समोरच होते. मागच्या वर्षी मी त्यांना झाळ लावायचा नवा ब्लो लॅम्प आणून दिला होता. त्यांनी बिल मागितलं.

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या झोतावर फिरणारी चक्की. ती जास्तीची हवा इंजिनात कोंबते, आणि त्याच इंजिनाचा जोर वाढतो. पण जोर वाढला की उष्णताही वाढते, आणि कोंबलेली हवा तापते म्हणून ती थंड करायला इंटरकूलर नावाची आणखी एक जाळी लागते. बोनेटखाली जागा तेवढीच. म्हणजे जुनं सगळं हलवायचं. बॅटरी, पंखा, रेडिएटर, पाण्याचे होज पाईप, रेडिएटरला पाणी पुरवणारी बाटली. यातलं निम्मं काम पाण्याचं, आणि पाण्याचं काम या जिल्ह्यात कोणाला विचारायचं ते सगळ्यांना माहीत आहे.

मी म्हटलं, "थंडं करायची बाजू मी पाहते."

बाबा म्हणाले, "तू चहा सांग. दोन कट."

आम्ही तिघं होतो.

मी चहा सांगितला. मग हौदाच्या कठड्यावर बसून त्याचं काम पाहत राहिले, दुसरं काय करणार? आणि सांगायला जिवावर येतं, पण त्याचा हात चांगला होता. टर्बोचं बूड त्यानं असं घासून बसवलं की मधून कागद गेला नसता. तेलाची नळी वाकवली तीही सुबक. मी मनातल्या मनात एखादी खोट शोधत होते आणि मिळत नव्हती, त्यामुळे माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. बाबा बाजूला खुर्ची टाकून "बढिया" म्हणत होते. ऊन असं होतं की पाना उचलायच्या आधी त्यावर पाणी मारावं लागत होतं.

मग तो पाण्याच्या बाजूला आला, आणि माझ्या जिवात जीव आला.

टर्बोचा पाईप जायला वाट पाहिजे म्हणून त्यानं रेडिएटर चार बोटं पुढे सरकवला. इंजिनावरचा मोठा पंखा आणि त्याभोवतीचा पत्रा काढून टाकला, आणि त्याऐवजी विजेवर चालणारे दोन छोटे पंखे रेडिएटरच्या समोर लावले. त्यांच्याही समोर इंटरकूलर आडवा ठोकला, रेडिएटरचं तोंड झाकून. चारही बाजूंच्या फटी उघड्या. आता विदर्भातलं शेंबडं पोरही सांगेल, खिडकीत कूलर बसवला आणि भोवतीची फट बुजवली नाही तर गारवा घरात येत नाही. हवेला सोपी वाट दिली की ती जाळीतून कशाला जाईल? याच्यावरही कडी म्हणजे पाण्याची बाटली. बॅटरीला जागा करायला त्यानं ती खाली चाकाजवळ नेली. पाणी भरायची जागा इंजिनाच्या डोक्यापेक्षा खाली गेली की हवा वरच अडकून बसते, आणि जिथे हवा बसते तिथे पाणी पोचत नाही. हे बाबांनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, पाठीत धपाटा घालून.

मी बाबांकडे पाहिलं. बाबा उठले, बोनेटमध्ये वाकले, हात लांबवून त्या बाटलीवर ठेवला. हाताला समजतं त्यांच्या, डोळे गेले तरी. हात तसाच थोडा वेळ राहिला. मला वाटलं, आता निघेल तोफ.

"बढिया झालं जवाईबापू," बाबा म्हणाले.

मी तोंड उघडलं, तर दारातून आई माझ्याकडे पाहत होती. मी तोंड मिटलं. असं काही मी केलं असतं तर पाना उडत आला असता आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता, त्यांतल्या सहा त्यांच्याच.

दुसऱ्या दिवशी बहिणीला आणि जवायाला आष्टीला पोचवायला निघायचं होतं. जवाई म्हणाला, तळेगावला गेल्यावर आष्टीकडे वळायच्या आधी पुढचा घाट चढून पाहू, टर्बोचा दम कळेल. वजन पाहिजे म्हणून मागे भंगारातले रेडिएटर भरले. त्यांच्याच मध्ये बहीण आणि मी. बाबा पुढे. सकाळी मी शटर उघडायला गेले तर बाबा नळावर पाण्याच्या कॅना भरत होते. पिण्याच्या नाही, मोठ्या, कूलरमध्ये पाणी टाकायच्या.

"इतकं पाणी काऊन?" मी विचारलं.

"उन्हाचे दिवस हायेत," बाबा म्हणाले आणि कॅना गाडीत ठेवून वर पोतं टाकलं.

तेव्हा मला लखकन कळलं. बाबांना सगळं माहीत होतं. गाडी उकळणार हेही, आणि कुठे उकळणार हेही. एक शब्द सांगायच्या ऐवजी हा म्हातारा कॅना भरत होता. माझ्यासाठी यांनी आयुष्यात कधी ग्लासभर पाणी भरलं नाही, आणि जवायाची चूक झाकायला मात्र अख्खा हौद उपसायला तयार. मी गाडीत बसले ती दात आवळून.

सपाटीवर जीप पळाली, खरंच पळाली. आर्वीच्या पुढे बाबांनी हात खिडकीबाहेर काढून दारावर थाप मारली. बहीण माझ्याकडे पाहून हसली, तिच्या नवऱ्याचं कौतुक माझ्या तोंडून ऐकायचं होतं तिला. मी म्हटलं, "रस्ता चांगला केला आहे सरकारनं."

घाट लागला. पुढे एक ट्रक रांगत होता, म्हणून आम्हीही दुसऱ्या गिअरमध्ये रांगलो. वारा मागून. काटा वर जाताना मला मागून दिसत होता. अर्ध्यावर, अर्ध्याच्या वर, मग तांबड्याला टेकला. बोनेटच्या फटीतून वाफ निघाली आणि कूलंटचा गोडसर वास आला. जवायानं गाडी कडेला घेतली, उडी मारली आणि बोनेट उघडून थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

मी त्याच्या शर्टाची कॉलर धरून मागे ओढलं. धोंडा असो की काही असो. "तोंडावर घेता का उकळतं पाणी? थांबा."

तो थांबला. आम्ही सगळे कडेच्या कठड्यापाशी उभे राहिलो. बाबा गेले आणि मुकाट्यानं पोतं बाजूला करून कॅना खाली उतरवायला लागले. एक, मग दुसरी, मग आणखी. जवाई बघतच राहिला.

"बाबा, इतकं पाणी कायले आणलं जी?"

"उन्हाचे दिवस हायेत."

माझ्याच्यानं राहवलं नाही. "ऊन नाही, बाटली! बाटली खाली बसवली तुम्ही, हवा डोक्यात अडकली. आणि पंखे नुसते फटीतून हवा फेकत आहेत. कोणीही सांगितलं असतं."

"तू गप राय," बाबा म्हणाले.

जवायानं माझ्याकडे पाहिलं, कॅनांकडे पाहिलं, मग बाबांकडे. "तुमाले मालूम होतं?"

बाबा रस्त्याकडे पाहायला लागले. ट्रक वळणाआड गेला होता, पाहण्यासारखं तिथे काही नव्हतं.

मला वाटलं जवाई आता चिडेल. मला तेच हवं होतं. तो कठड्यावर बसला. बाबा आणि बहीण गाडीकडे गेल्यावर मला म्हणाला, "ताई, तुमाले बाबा भल्ल्या शिव्या देते."

"हो. मग?"

"मले एक नाई देल्ली अजून. मले बढिया म्हणते. घर पाहाले आलेल्या पाव्हण्याले म्हणते तसं. मले वाटे मी बरोबर करून राह्यलो." तो हातातला पाना उलटसुलट करत होता. "मले बाप नाई, तुमाले मालूम हाय. गॅरेजचं काम मी याचं त्याचं पाहूनच शिकलो. वाटलं होतं, इथी तरी कोणी कान धरन. मले तुमची जलन होते, सच्ची सांगतो."

मला हे अजिबात आवडलं नाही. जळायचं काम माझं होतं. एवढी वर्षं मन लावून मी ते केलं होतं, आणि हा माणूस घाटात बसून म्हणतो, मीही जळतो, तेही कशासाठी, तर मला मिळणाऱ्या शिव्यांसाठी. मी म्हटलं, "तुम्हाला पाहिजे तर न्या माझ्या सगळ्या." तो हसला. मी हसले नाही.

गाडी थंड झाल्यावर पाणी भरलं आणि उतार उतरून, थांबत थांबत, वर्ध्याला परत आलो. आष्टी राहिलीच.

दुसऱ्या दिवशी जवायानं बाबांसमोर सांगितलं, "पाण्याची बाजू ताई सांगन तशी करू." बाबा म्हणाले, "तुमाले वाटन तसं." माझ्याकडे पाहिलंही नाही. पण माझ्या हाती बोनेट आलं होतं, मी वाट कशाला पाहू?

रेडिएटर मी मूळ जागी आणला आणि वरून किंचित मागे झुकवला, म्हणजे टर्बोच्या पाईपला खालून वाट मिळाली. दोन छोटे पंखे काढून एकच मोठा, मागून हवा ओढणारा लावला. त्याच्याभोवती पत्र्याचा डबा केला, म्हणजे ओढलेली प्रत्येक फुंकर जाळीतूनच आली पाहिजे. इंटरकूलर रेडिएटरच्या तोंडावरून हटवून बाजूला, दिव्याच्या मागे खाली बसवला आणि त्याला बंपरमधून स्वतःची वाट कापून दिली. फटी रबरी पट्टीनं बुजवल्या. बाटली उचलून मागच्या भिंतीवर, सगळ्यात उंच. बॅटरी गेली सीटखाली. वरचा होज नवा, दुसऱ्या वळणाचा, तो मिळवायला गावातली सगळी दुकानं पालथी घातली. जवाई मी सांगेन ते धरत होता, कापत होता, आणि कधी कधी माझ्यापेक्षा चांगलं सुचवत होता. बाटली धरून ठेवणारी पट्टी त्यालाच सुचली. हे लिहिताना मला आनंद होत नाही.

बाबा खुर्चीवर बसून होते. त्यांच्या पायाचा अंगठा हलत होता, म्हणजे आत काहीतरी उकळत होतं. जवायानं पत्र्याचा डबा धरला, तो एका बाजूला उतरलेला. मी सांगणार तेवढ्यात खुर्ची मागे पडली.

"अबे, डोये फुटले का तुहे? वाकडं धरलं ना बे! आंधयाले दिसते मले, तुले नाई दिसत? सोड, सोड थे. गधा कुठचा."

आई चहा घेऊन आली होती, ती दारात तशीच उभी राहिली, कप हातात. धोंड्याचा महिना, घरचा नारायण, आणि त्याला अबे. बाबांनाही कळलं, त्यांचा हात हवेत राहिला.

जवायाच्या चेहऱ्यावर मी जन्मात पाहिलं नाही असं हसू आलं. "सरळ करतो बाबा," तो म्हणाला आणि सरळ केलं.

आणि मी? माझ्या छातीत कोणीतरी काडी पेटवली. ती शिवी माझी होती. बाबांकडून मला तेवढंच मिळत आलं होतं, आणि आता त्यातही वाटणी झाली.

पुन्हा घाट चढलो. पुन्हा मागे भंगारातले रेडिएटर लादून, या वेळी कॅना नाही. काटा मधोमध राहिला, वरपर्यंत. परतताना तळेगावला चहाच्या टपरीवर थांबलो तर बाबांनी ओळख ना पाळख अशा चार माणसांना बोलावून बोनेट दाखवलं. "जवायानं टर्बो बसवला माह्या." जवाई म्हणाला, "पाण्याचं सगळं ताईनं केलं." बाबा म्हणाले, "हो, थे तं घरचंच काम."

घरचंच. मी चहा अर्धा सोडला.

धोंड्याचं जेवण महिन्याच्या शेवटी शेवटी केलं. आईनं धोंडे उकडले, मी अनारसे तळले. एकही फुटला नाही. जवाई पाटावर बसला, टोपी घालून, घामानं भिजून. बाबांनी वाणाचं ताट त्याच्यासमोर ठेवलं. अनारसे, तांब्याची समई, वर नवा रुमाल. बाबांनी स्वतः रुमाल बाजूला केला. समईशेजारी दुकानाच्या शटरची किल्ली होती.

"आता तुमी पाहाजो," बाबा म्हणाले.

मी ओवाळणीचं ताट हातात धरून उभी होते. किल्ली आजच द्यायची ही बातमी मला जेवायला आलेल्या पाहुण्यांसोबत मिळाली. बायकोच्या मोठ्या बहिणीला आमच्याकडे अकडसासू म्हणतात, तिला अर्ध्या सासूचा मान. आईनं ओवाळलं की तिनं ओवाळायचं. आईनं ओवाळलं. मग मी पुढे झाले. माझ्या मनात काय चाललं होतं ते छापण्यासारखं नाही. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, आणि ज्यानं माझं दुकान नेलं त्याच्या तोंडाभोवती दिवा फिरवला, कारण रीत आहे.

ओवाळणाऱ्या बाईच्या ताटात पुरुषानं काहीतरी टाकायचं असतं. त्यानं खिशात हात घातला नाही. समोरच्या वाणातून किल्ली उचलली आणि माझ्या ताटात टाकली.

आई म्हणाली, "अवं माय."

बाबांचा आवाज चढला. "वाण परत करत नाई, जवाईबापू."

"परत कुठी केलं जी," तो म्हणाला. "तुमी मले देल्लं, म्या घेतलं. माह्यं झालं. आता म्या ओवाळणी टाकली. ओवाळणी ओवाळणारीची."

रीत बाबांचीच होती आणि दोन्ही बाजूंनी बरोबर होती. बहीण खाली मान घालून रडत होती, तिला आधीच माहीत असावं. शेवटी बाबा म्हणाले, "वाढा. धोंडे थंडे होऊन राह्यले."

जेवणं झाल्यावर, अंगणात ताटं घासताना, मी बाबांना विचारलं. विचारायचंच होतं. "मले देता आलं नसतं का तुमाले? तुमच्या हातानं?"

बाबा दात कोरत होते. त्यांना प्रश्न कळला नाही, मी चेहऱ्यावरून सांगते. "तुले काय द्याचं त्यात?" ते म्हणाले. "त्याचं नाव झालं असतं, त्याले बरं वाटलं असतं. काम तं तूच केलं असतं ना. रोज तूच शटर उघडलं असतं. तुह्यं काय जाणार होतं?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

आता दुकान माझं आहे. बाबा रोज येऊन खुर्चीवर बसतात आणि जुनं गिऱ्हाईक आलं की मोठ्या अभिमानानं सांगतात, जवायानं देल्लं तिले. खरं आहे ते, मी नाही म्हणू शकत नाही. त्यांनी दिलं असतं तर मी हे सगळं विसरले असते. त्याच्या हातून मिळालं, आणि तो माणूस चांगला आहे, त्यामुळे मला भांडताही येत नाही.